‘पाठात जिवंतपणा नाही’: शांत स्वभावाच्या माणसाला शिक्षक होता येतं का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. पद्धती (शिकवायचे विषय) विज्ञान आणि गणित. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, एका वेळी चार-पाच मुलं. आपल्याला शिकवता येत नाही असं तेव्हा कधी वाटलं नाही. आता वाटायला लागलंय.

मी मुळात कमी बोलणारी. पाहुणे आले की चहा देऊन आत जाणारी. सूक्ष्म अध्यापनाचे, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावाचे छोटे पाठ झाले तेव्हा फलक लेखनाला चांगला शेरा मिळाला, प्रश्न कौशल्याला बरा. सज्जता प्रवर्तन (मुलांना पाठासाठी तयार करणं), चेतक बदल (लक्ष टिकवायला हालचाल, आवाज बदलत राहणं), प्रबलन (उत्तराला दाद देणं) या सगळ्यांवर मात्र ‘मोकळ्या व्हा’, ‘आवाज वाढवा’, ‘व्यक्तिमत्त्व खुलत नाही’ असंच लिहून आलं. आमच्या गटात एक मैत्रीण आहे. ती टाचण (पाठाचा लेखी आराखडा) नीट न वाचताही उभी राहते आणि दोन मिनिटांत सगळ्यांना हसवते. तिच्या कागदावर सगळीकडे ‘उत्तम’. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, ती खरंच छान शिकवते. पण तिच्यासारखं व्हायचं तर मला दुसऱ्या कुणाच्या तरी पोटी जन्म घ्यावा लागेल, असं रात्री झोपताना वाटत राहतं.

गेल्या आठवड्यात शाळेत सराव पाठ होता. आठवीचा वर्ग, ३९ मुलं हजर, घटक आम्ल-आम्लारी. गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून घरूनच वाळवून नेले होते. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला, डाग लाल झाला, मुलं पुढे सरकली. मग मी विचारलं, “आता या लाल डागावर लिंबाचा रस टाकला तर काय होईल, आणि तुम्हाला तसं का वाटतं?”

कुणीच बोललं नाही. मीही बोलले नाही. मुलं कागदाकडे बघत होती, एक मुलगा ओठ हलवत होता. मागे बसलेल्या सरांचं पेन चाललेलं मला दिसत होतं. मग तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, आईच्या साडीवर वरणाचा डाग पडला होता. साबण लावला तर लाल झाला, आणि भरपूर पाण्यात खळबळला तर परत पिवळा. लिंबानं पण पिवळाच होईल, कारण साबण जाईल.” तिच्यामागून आणखी दोघं बोलले. मला आतून इतका आनंद झाला, पण चेहऱ्यावर दिसला नसणार.

निरीक्षणाच्या कागदावर होतं: ‘प्रश्नानंतर शांतता. छात्राध्यापिका गोंधळली. पाठात जिवंतपणा नाही.’

मी गोंधळले नव्हते. वाट बघत होते.

माझा प्रश्न असा. अध्यापन कौशल्यं शिकून येतात असं आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं. मग शेरा स्वभावावर का येतो? आणि शेरा बरोबर असेल, तर शांत माणसानं या वाटेला यावं की नाही? आंतरवासितेचे, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष काम करण्याचे सोळा आठवडे पुढच्या वर्षी आहेत. तोवर ठरवायला हवं.

खडूची पेटी

अगं, आधी रडू आवर आणि आवाजाचं बघ, कारण तेवढं एक खरं असू शकतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत अकरा वर्षं आहे आणि माझा आवाजही बारीकच होता.

आपण शांत माणसं वाक्याच्या शेवटी आवाज गिळतो. इतर वेळी ते खपून जातं, वर्गात नाही, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि ‘नाही’सुद्धा शेवटी येतं. ‘हा पदार्थ आम्ल नाही’ असं तू म्हणालीस आणि शेवटचा शब्द गिळलास, तर मागच्या बाकावर ‘हा पदार्थ आम्ल’ एवढंच पोहोचतं. पोरगं वहीत उलटं लिहितं आणि आपण म्हणतो याचं लक्ष नव्हतं. मला हे एका मुलाच्या वहीमुळे कळलं. तिसरीचा वर्ग होता, ‘वटवाघूळ पक्षी नाही’ शिकवलं होतं, आणि त्यानं सुंदर अक्षरात ‘वटवाघूळ पक्षी आहे’ लिहिलं होतं. दारापाशीच्या शेवटच्या बाकावर बसायचा तो.

मग मी रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात उभी राहायचे आणि शेवटच्या खिडकीकडे बघून दहा वाक्यं म्हणायचे. ओरडायचं नाही, फक्त शेवटचा शब्द पहिल्या शब्दाइतकाच ठेवायचा. महिनाभर केलं. घरी मी अजूनही हळूच बोलते. त्यामुळे आवाज हा स्वभाव आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस.

फळ्याकडे तोंड करून बोलतेस का तेही बघ. फलक लेखनाला तुला चांगला शेरा आहे म्हणून विचारते. अक्षर सुबक काढणारी माणसं फळ्याशीच बोलत बसतात.

निवृत्त निरीक्षक

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस मनात घोळत होता, आज सविस्तर लिहितो. मी अध्यापक महाविद्यालयात २७ वर्षं होतो, मराठी पद्धतीला. ‘व्यक्तिमत्त्व प्रभावी नाही’ हे शब्द मी स्वतः कितीतरी कागदांवर लिहिले आहेत. ते लिहायला नको होते असं आज मला वाटतं.

आधी तुमची सूक्ष्म अध्यापनाची फाईल काढा आणि चेतक बदल कौशल्याचे घटक वाचा. हालचाल, हावभाव, आवाजातले चढउतार, लक्ष वेधणं, आंतरक्रियेत बदल, आणि त्यातच एक घटक असेल ‘विराम’. न बोलता थांबणं. म्हणजे तुम्ही ज्या कौशल्यात कमी पडता असं लिहून आलं, त्यातला एक घटक त्या आठवीच्या वर्गात तुम्ही केलात आणि तो दोष म्हणून नोंदला गेला.

असं का होतं? वर्गनिरीक्षणाची फ्लँडर्स यांची पद्धत तुम्हाला अभ्यासात असेल. दर तीन सेकंदांनी वर्गात काय चाललं आहे त्याचा आकडा लिहायचा. एकूण दहा प्रकार. त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे, आणि दहावा ‘शांतता किंवा गोंधळ’. दोन्ही एकाच आकड्यात! ३९ मुलं मनातल्या मनात लिंबाचा रस टाकून बघत असली तरी दहा, आणि वर्गात बाजार भरला असला तरी दहा. ती पद्धत बोलणं मोजण्यासाठी बनली होती, त्या कामाला ती चांगलीच आहे. पण आम्ही निरीक्षकांनी तिच्यावर डोळे तयार केले आणि शांतता दिसली की हात आपोआप ‘गोंधळ’ लिहू लागला.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी किती थांबतात? साधारण एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा, नाहीतर दुसऱ्या मुलाला उठवायचं, नाहीतर स्वतःच उत्तर द्यायचं. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद आणि त्याहून जास्त थांबायला शिकवलं. मुलांची उत्तरं लांब झाली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. मुलाचं उत्तर संपल्यावरही तेवढंच थांबायचं, हा त्यातला दुसरा भाग. त्यानं मूल आपल्या उत्तरात भर घालतं. तुमच्या वर्गातल्या मुलीनं ‘कारण साबण जाईल’ शेवटी जोडलं. तुम्ही ‘पिवळाच होईल’वर ‘शाब्बास, बसा’ म्हणाला असतात तर ते कारण तिच्या पोटातच राहिलं असतं.

हे वाचून मी एकदा टेपरेकॉर्डर घेऊन स्वतःचा दिग्दर्शन पाठ मुद्रित केला. छात्राध्यापकांना आदर्श म्हणून दाखवायचा तो पाठ. घरी घड्याळ हातात धरून ऐकला. ३५ मिनिटांत ४१ प्रश्न, आणि बहुतेकांनंतर मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. मी बोलका माणूस, माझा पाठ रंगतो असं सगळे म्हणायचे. उत्तरं ऐकली तर एकेका शब्दाची. ‘हो सर.’ ‘नाही सर.’ ‘विशेषण.’ थांबायला शिकायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. तुम्हाला ते उपजत येतं.

एक छात्राध्यापिका मला कायम आठवते. बोलताना मान खाली, हात टाचणावर. चार महिने मी तिला ‘जरा मोकळं व्हा’ म्हणत राहिलो. बिचारी दर वेळी ‘हो सर’ म्हणायची आणि पुढच्या पाठात आणखी आक्रसायची. ‘मोकळं व्हा’ ही सूचनाच नव्हे, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. उद्या सकाळी अकरा वाजता वर्गात उभी राहून ती नेमकं काय करणार? पाठीवर पोतं असलेल्या माणसाला ‘हलकं वाटू द्या’ म्हणण्यासारखं ते होतं. शेवटी मी तिला एकच सांगितलं: मुलानं उत्तर दिलं की त्याचेच शब्द फळ्यावर लिहायचे, तुमचे नाहीत. प्रबलन कौशल्यात ‘छान’, ‘शाब्बास’ हे शाब्दिक प्रबलन असतं, तसं मान हलवणं, मुलाचं उत्तर फळ्यावर लिहिणं हे अशाब्दिक प्रबलनही असतं. तिचं ‘शाब्बास’ कोरडं यायचं. पण एका मुलानं पाऊस ‘धोधो नाही, सुतासारखा’ पडत होता असं सांगितलं आणि तिनं ‘सुतासारखा’ हा शब्द फळ्याच्या मधोमध मोठ्या अक्षरात लिहिला, तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. पुढची दहा मिनिटं वर्गातले हात खाली येत नव्हते.

तेव्हापासून मला वाटतं की प्रत्येक कौशल्याला आत शिरायला अनेक दारं असतात आणि आपलं दार कोणतं ते स्वभाव ठरवतो. कौशल्य येणार की नाही हे तो ठरवत नाही. सूक्ष्म अध्यापनाची कल्पना स्टॅनफर्डला १९६३ साली ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली ती याच समजुतीवर की शिकवण्याचे छोटे छोटे भाग करता येतात आणि एकेक भाग सरावानं बसवता येतो. आपल्याकडे बडोदा आणि इंदूरची विद्यापीठं आणि एनसीईआरटी (शैक्षणिक संशोधनाची राष्ट्रीय परिषद) यांनी ती इथल्या महाविद्यालयांना झेपेल अशी केली. कॅमेरा नाही तर नाही, मित्रांनीच विद्यार्थी व्हायचं आणि ३६ मिनिटांत चक्र पुरं करायचं. ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (शेरे आणि सूचना), १२ पुनर्नियोजन (पाठ पुन्हा आखणं), ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण. यातली सर्वांत मोठी वेळ पुनर्नियोजनाची आहे बघा. प्रत्यक्षात घाईघाईत तीच उडवली जाते. पाठ झाला, शेरा झाला, पुढचा या. बोलक्या मुलांचं त्यावाचून फारसं अडत नाही, ती उभ्या उभ्या सुधारतात. तुमच्यासारख्यांना शेरा ऐकून घेऊन, एकटं बसून, टाचणाचा कागद पुन्हा लिहायला ती १२ मिनिटं लागतात. तुमच्या महाविद्यालयात ती मिळत नसतील तर मागून घ्या. घरी घ्यावी लागली तरी घ्या.

आता संशोधन. शिक्षकाचं व्यक्तिमत्त्व हा विषय फार जुना आहे. रायन्स यांनी १९६० साली सुमारे सहा हजार शिक्षकांच्या अभ्यासातून वर्गातल्या वागण्याचे तीन वेगवेगळे पट काढले. एक ममत्वाचा, दुसरा जबाबदारीनं आणि नीटनेटकं काम करण्याचा, तिसरा उत्साह आणि कल्पकतेचा. आम्ही मागच्या बाकावर बसून पाहतो तेव्हा तिसरा पट लगेच डोळ्यांत भरतो, कारण तो नाटकासारखा दिसतो. घरून वाळवून आणलेले गाळणकागद दुसऱ्या पटातले. ते कुणी पाहिले? अलीकडे, २०१९ साली, शिक्षकांच्या व्यक्तिमत्त्वावरच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. बहिर्मुखता, कामातली शिस्त, भावनिक स्थैर्य यांचा परिणामकारक शिकवण्याशी संबंध निघाला, पण तो लहान. म्हणजे स्वभावाला काही अर्थच नाही असं मी म्हणणार नाही. बोलक्या माणसाला सुरुवात सोपी जाते, हे खरं आहे. पण एवढ्या लहान संबंधावर तुमचं आयुष्य ठरवावं असं त्यात काही नाही.

एक गोष्ट मात्र वडीलकीच्या नात्यानं सांगतो. ‘माझा स्वभावच असा’ या वाक्याच्या आडोशाला बसू नका. आनंद आतून झाला असं तुम्ही लिहिलं आहे. त्या मुलीला तो दिसायला हवा होता, तो तिचा हक्क होता. चेहऱ्यावर येत नसेल तर फळ्यावर आणा. ‘साडीवरचा डाग’ असं लिहा आणि पुढचा सगळा पाठ त्या शब्दांवरून न्या.

बडबड्या

सर, तुमचे ४१ प्रश्न वाचून धीर आला, म्हणून माझंही लिहितो. ताई, तुमच्या त्या मैत्रिणीच्या बाजूनं बोलतोय असं समजा.

मी कॉलेजात वक्तृत्व, एकांकिका सगळं करायचो. बी.एड.ला पहिल्या दिवसापासून ‘उत्तम’. इतिहासाचा पाठ घेतला की मागचे सरसुद्धा ऐकत बसायचे. मला कुणी काही शिकवलंच नाही, कारण शिकवण्यासारखं काही कुणाला दिसलंच नाही. नोकरी लागली, पहिल्या वर्षी नववीला शिकवलं, पोरं खूश. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. माझे किस्से त्यांना शब्दन् शब्द आठवत होते. कारणं एकालाही लिहिता आली नव्हती.

एका ज्येष्ठ बाईंना माझ्या तासाला बसायची विनंती केली. शांत बाई, स्टाफरूममध्ये त्यांचा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. तास झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कोणी दिली?” मी आठवायला लागलो. मीच दिली होती.

मग त्यांनी सांगितलेला उपाय केला. प्रश्न विचारला की खडू उजव्या हातातून डाव्या हातात घ्यायचा, परत उजव्या हातात घ्यायचा, आणि मगच तोंड उघडायचं. सुरुवातीला ते तीन-चार सेकंद मला तासाभराचे वाटायचे, छातीत धडधडायचं. तुमच्या सरांना जे गोंधळणं वाटलं ते करायला मी खडूचा आधार घेऊन शिकलो.

तेव्हा ‘उत्तम’ मिळालेल्यांचंही नुकसान होतं. तुमच्या मैत्रिणीला हे कुणीतरी सांगा, शक्य तर तुम्हीच.

वाचनालयाच्या खिडकीतून

वरचं सगळं पटलं, तरी एक वेगळा अनुभव लिहिणं गरजेचं वाटतं. मी बी.एड. पूर्ण केलं आणि वर्गशिक्षक झाले नाही.

शांत असणं आणि घाबरणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. मी शांतही होते आणि घाबरतही होते. पाठाच्या दिवशी सकाळी पोटात अन्न टिकायचं नाही. वर्गात उभं राहिलं की समोरचे चेहरे धूसर व्हायचे. थांबायचे मीही, पण त्या वेळात मुलांकडे माझं लक्ष नसायचं, पुढचं वाक्य शोधत असायचे. मला ‘मोकळ्या व्हा’ म्हणणारेही चुकले आणि ‘शांत आहेस, छान आहे’ म्हणणारेही चुकले. माझं दुखणं वेगळं आहे हे कुणी ओळखलं असतं आणि वेळेवर एखाद्या समुपदेशकाकडे पाठवलं असतं तर कदाचित आज वेगळं चित्र असतं. मी गेले, पण नंतर, स्वतःहून.

ताई, तुम्ही त्या मुलाचे ओठ हलताना पाहिलेत. घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही. म्हणून मला वाटतं तुमचं माझ्यासारखं नाही. पण तुमच्या गटात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ‘विराम हेही कौशल्य आहे’ सांगून पाठवू नका, आधी विचारा की त्या विरामात तिला काय होतं.

आता एका शाळेच्या ग्रंथालयात आहे. आठवड्यातून तीनदा पाच-पाच मुलांना घेऊन वाचते. ते जमतं, मनापासून आवडतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लागले, मध्ये दुसरा पाठ होता.

सर, फाईल काढली. चेतक बदल, पाचवा घटक, विराम. माझ्याच अक्षरात लिहिलेला. तो कागद घेऊन मार्गदर्शक मॅडमकडे गेले. भांडायला नाही, विचारायला. त्यांनी आधीचा शेरा बदलला नाही, तो त्यांचा नव्हताच. पण म्हणाल्या, “मग टाचणात लिहा ना. निरीक्षकाला कसं कळणार तुम्ही थांबलात की अडकलात?” हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता अध्यापकाच्या कृतीच्या रकान्यात ‘प्रश्न, नंतर विराम’ आणि विद्यार्थ्याच्या कृतीत ‘विचार करतात, वहीत अंदाज लिहितात’ असं लिहिते. वहीत लिहायला सांगितल्यामुळे एक झालं. शांतता असली तरी पेन्सिली हलताना दिसतात, आणि मागे बसलेल्यांनाही काय चाललंय ते कळतं.

दुसरा पाठ सातवीवर, घटक प्रकाशाचं परावर्तन. आवाजाला पुन्हा कमीच गुण मिळाले. खडूची पेटी, तुम्ही सांगितलेलं करतेय. आमच्या गच्चीवरून शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे बघून दहा वाक्यं. आईनं दोनदा वर येऊन विचारलं कुणाशी बोलतेस. आणि हो, फळ्याशी बोलते मी. मैत्रिणीनं पाठाचा थोडा भाग मोबाईलवर चित्रित केला, त्यात माझी पाठच जास्त दिसतेय.

त्या मैत्रिणीशी बोलले. बडबड्या यांचं लिहिणं तिला वाचायला दिलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मला कुणी कधी पुनर्नियोजन करायलाच लावलं नाही.” आता शनिवारी महाविद्यालय सुटल्यावर आम्ही दोघी थांबतो. ती माझा आवाज शेवटच्या खिडकीतून ऐकते, मी तिच्या प्रश्नांनंतरचे सेकंद मोजते. परवा ती पहिल्यांदा चारपर्यंत गेली.

ग्रंथालयातल्या ताई, तुमचं वाचून आमच्या गटातल्या एकीची आठवण झाली. पाठाच्या दिवशी ती डबा खात नाही. तिच्याशी अजून बोलले नाही, उद्या बोलते.

एक अडचण आहे. पुढचा पाठ ज्या शाळेत आहे तिथे वर्गात ६२ मुलं आहेत, एका बाकावर तिघं. ३९ मुलांत मी थांबले तर शांतता होते. ६२ मुलांत थांबले तर पाचव्या सेकंदाला कुजबुज सुरू होणार, आणि मला ती दाबता येत नाही. तिथे काय करायचं?

खडूची पेटी

दाबायची कशाला? तिघं एका बाकावर आहेत ना, मग प्रश्न विचारलास की सांग, “बाकावर तिघांत ठरवा, एकच अंदाज, एका वहीत.” कुजबुज होऊ दे, तीच तुझी वाट बघायची वेळ. तू फळ्यापाशी थांबू नकोस, मधल्या वाटेनं शेवटपर्यंत चालत जा, वह्यांत डोकावत. परत फळ्यापाशी आलीस की पहिला अंदाज मागच्या बाकावरून घे, आणि त्यांचे शब्द त्यांच्याकडे तोंड करून वाचून दाखव, मगच फळ्यावर लिही. परवाच्या चित्रणात पाठ दिसली म्हणालीस, म्हणून सांगते.

किती वाजता आहे पाठ? जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास असेल तर एक अंदाज कमी विचार. पोरं झोपेला आलेली असतात.